जागा क्रमांक अकरा

तिसरी मेखही वाकली. योंग-रानने ती जमिनीतून उपटली, डोळ्यांसमोर धरून तिचा बाक पाहिला आणि सगळी चूक मेखेचीच आहे अशा रागाने तिला दगडावर ठेवून हातोड्याने सरळ करायला घेतलं. नदीकाठची जमीन चांगली वीतभर गोठली होती. प्रत्येक घाव जमिनीत जायच्या ऐवजी खांद्यापर्यंत परत येत होता.

"मावशी, जमीन नको म्हणतेय," दहा वर्षांचा थे-ओ म्हणाला.

"तिला कोणी विचारलंय?"

तंबूची दोरी धरून दा-ओन उभी होती. वय तेरा, आणि अंगात योंग-रानचाच जुना काळा कोट, त्याच्या बाह्या बोटांच्याही खाली लोंबत होत्या. ती हसली नाही. तिने दोरी दुसऱ्या हातात घेऊन मोकळा झालेला हात ऊब मिळावी म्हणून खिशात घातला. आठ वर्षांचा यू-चान मेखा मोजत होता. सहा वर्षांच्या सोलच्या नाकातून जे वाहत होतं ते ओठांपर्यंत पोचायच्या आधीच गोठत होतं आणि तिला त्याची मोठी गंमत वाटत होती. दुपारचे बारा वाजायला आले होते. उन्हाला नुसता रंग होता, ऊब नव्हती. पारा उणे नऊ.

बावन्न वर्षांची मिन योंग-रान गेली नऊ वर्षं हे मुलांचं घर चालवत होती. घर म्हणजे गावातल्या एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या चार खोल्या. ज्यांच्या आईवडिलांना सांभाळणं जमत नव्हतं, किंवा ज्यांना ते नव्हतेच, अशी ही चार मुलं तिच्यापाशी राहत. दारावर संस्थेची पाटी नव्हती. तिने लावू दिली नव्हती. मुलं तिला मावशी म्हणायची. आई म्हणा, असं तिने कधी सांगितलं नाही आणि बाई म्हणाल तर जेवायला मिळणार नाही, असा दम मात्र प्रत्येकाला पहिल्याच दिवशी दिला होता.

चौथी मेख आत गेली. ती सरळ गेली म्हणून मुलांनी टाळ्या वाजवल्या, आणि योंग-रानने कमरेवर हात ठेवून नदीकडे अशी नजर टाकली की जणू आता नदीचीच पाळी आहे. तंबू उभा राहायला सगळे मिळून दोन तास लागले. तो तिच्या धाकट्या भावाचा होता. त्याने तंबू, रॉकेलची शेगडी आणि विषारी वायू साठला तर किंचाळणारं एक यंत्र अशा तीन वस्तू दिल्या होत्या आणि त्यांच्याबरोबर तासभर उपदेश. ताई, या वयात, या थंडीत, चार पोरं घेऊन, आणि तेही ख्रिसमसच्या सुट्टीत. योंग-रानने उपदेश सगळा ऐकून घेतला होता, कारण शेगडी हवी होती.

खरं तर ख्रिसमसच्या सुट्टीमुळेच ती आली होती.

दरवर्षी चोवीस डिसेंबरला दुपारी त्यांच्या घरी एका मोठ्या कंपनीची माणसं यायची. लाल टोप्या, कापसाच्या दाढ्या, नूडल्सची आणि संत्र्यांची खोकी, आणि भिंतभर लांब कापडी फलक: 'प्रेम वाटू या, ऊब वाटू या'. खोकी पुढे रचायची, खोक्यांमागे मुलं, मुलांमागे फलक धरून साहेब लोक. फोटोवाला म्हणायचा, मुठी वर करा आणि ओरडा. मुलं मुठी वर करून ओरडायची. अजून एकदा, जरा आनंदाने, असं तो म्हणायचा आणि मुलं जरा आनंदाने ओरडायची. वीस मिनिटांत सगळं आटपायचं. संत्री मात्र गोड असत, हे योंग-रानही नाकारत नसे.

गेल्या वर्षी मुलांना एकसारखे नारिंगी कोट मिळाले. उबदार होते, महागातले होते, आणि रंग असा की डोंगरावर हरवलेला माणूस विमानातून दिसावा. तेच घालून फोटो निघाला. तो कंपनीच्या संकेतस्थळावर गेला आणि तिथून गावाच्या बातमीपत्रात. नियमाप्रमाणे मुलांचे चेहरे बारीक चौकटी पसरून पुसून टाकलेले होते. साहेबांचे चेहरे स्वच्छ होते. सुट्टी संपून शाळा उघडली त्या दिवशी, जिथे झाडून सगळी मुलं घोट्यापर्यंत काळे कोट घालतात त्या फाटकातून, दा-ओन तिचा नारिंगी कोट घालून आत गेली. दुसरा तास संपायच्या आत कोणीतरी फोनवर तो फोटो उघडला होता. तेव्हापासून वर्गात तिचं नाव 'चौकटी' पडलं.

हे तिने तीन आठवडे घरी सांगितलं नाही. मग एके दिवशी झाडताना योंग-रानला किमचीच्या, म्हणजे आंबवलेल्या भाज्यांच्या, फ्रिजमागे कोंबलेला नारिंगी कोट सापडला. पोरगी उणे बारामध्ये शाळेचं पातळ जाकीट घालून जात होती. योंग-रानने आधी आवाज चढवला, मग नीट विचारलं. दा-ओनने उलट प्रश्नच केला.

"मावशी, टीव्हीवर चेहरा कुणाचा पुसतात?"

योंग-रानने झाडू भिंतीला टेकवला.

"चोराचा. नाहीतर ज्याच्यासोबत काहीतरी घाण झालंय त्याचा. मी त्यातली कोण?"

योंग-रानने तो कोट उचलून घडी घालायला घेतला. तिला फार राग आला. कंपनीचा आला, शाळेचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा, कारण आठ वर्षं तीच मुलांचे केस विंचरून त्यांना खोक्यांमागे उभं करत होती. तिने तिथल्या तिथे शब्द दिला की पुढच्या वर्षी फोटो निघणार नाही. दा-ओनने मान हलवली. मोठ्या माणसांचे शब्द तिने आजवर भरपूर ऐकले होते, त्यामुळे हाही ऐकून घेतला.

नोव्हेंबरात योंग-रान संस्थेचे संचालक योम यांच्याकडे गेली. खोकी दारात ठेवा, आम्ही आभाराचं पत्र पाठवू, पण फोटो नको, असं तिने सांगितलं. योम साहेब गोड बोलणारे. दात्यांच्या भावना, वर्षानुवर्षांचा संबंध, येत्या हिवाळ्याचं रॉकेल. तीन वेळा ती गेली आणि तीन वेळा त्यांनी तिला चहा पाजला. तिसऱ्या वेळी ते म्हणाले, "मिन बाई, मुलं घरी असतील तर फोटो होणारच ना." योंग-रानने कप खाली ठेवला. बरोबर आहे, म्हणाली, घरी असतील तर होणारच. आणि त्याच संध्याकाळी भावाला फोन केला.

नदीवर दुपारभर धमाल चालली. काठाची पूर्ण जागा भरलेली होती. चोवीस तारखेला इथे तंबूला जागा मिळायला नशीब लागतं. शेजारपाजारचे तंबू घराएवढे मोठे, त्यांना दिव्यांच्या माळा, एकात तर पडदा लावून सिनेमा. अकरा नंबरचा तंबू त्यांच्यामध्ये जरासा पोटात खड्डा पडल्यासारखा दिसत होता, पण त्याच्या झरोक्यातून वाफ बाहेर पडत होती आणि शेगडीवर माशाच्या वड्यांचं सार उकळत होतं. बर्फावरून घसरायला मुलांनी तांदळाचं पोतं घेतलं. बारा नंबरमधून एक मुलगी आली, दा-ओनच्याच वयाची, तिच्याकडे खरीखुरी घसरगाडी होती. ती थोडा वेळ पोत्याकडे बघत राहिली आणि मग गाडी सोडून पोत्यावर बसली. योंग-रान तंबूच्या दारातून रताळी कागदात गुंडाळत ऐकत होती.

"ती तुझी आई?" मुलीने विचारलं.

"मावशी."

"आम्ही पण गेल्या वर्षी मावशीसोबत आलो होतो. माझी मावशी नुसती झोपते."

"आमची कधीच झोपत नाही," दा-ओन म्हणाली, आणि दोघी हसत खाली घसरत गेल्या.

इथे त्यांना कोणी ओळखत नव्हतं. अकरा नंबरची मंडळी, एवढंच. बारा नंबरच्या बाईने साराचा वास आला म्हणून विचारपूस केली, वाटीभर भाजलेल्या तांदळाच्या वड्या पाठवल्या, योंग-रानने त्या वाटीत मुळ्याची किमची भरून परत पाठवली. किती वर्षांनी तिची ओळख कोणाशी तरी नुसती शेजारीण म्हणून झाली होती. तिला ते फार आवडलं. तिने एक रताळं स्वतःसाठी बाजूला काढलं आणि सालासकट खाल्लं.

तेवढ्यात फोन पुन्हा थरथरला. सकाळपासूनचा सातवा. आता काय व्हायचं ते झालंच आहे अशा बेफिकिरीने तिने तो उचलला. योम साहेब होते. आवाज नेहमीसारखाच, तुपात घोळलेला.

"मिन बाई, कंपनीचे ह्वांग साहेब निघालेत बरं का. तासाभरात पोचतील."

"कुठे?"

"नदीकाठी. जागा क्रमांक अकरा."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तुम्हीच. रात्रभर बाहेर राहायचा अर्ज तुम्ही तालुका कचेरीत दिलात, त्याची एक प्रत आमच्याकडे येते. फार सुवाच्य अक्षर आहे तुमचं."

योंग-रानने फोन बंद केला. नऊ वर्षांत तिने एकही कागद चुकीचा भरला नव्हता. मुलं बाहेर न्यायची तर ठिकाण, पत्ता, जागेचा क्रमांक, कोणाचा फोन, सगळं लिहायचं असतं, आणि तिने ते सगळं लिहिलं होतं, वर रस्त्याचा नकाशाही जोडला होता. लपायला निघालेल्या माणसाने आपला पत्ता सरकारी शिक्क्यासह देऊन यावा, तसं झालं. तिने स्वतःला दोन सणसणीत शिव्या दिल्या, हळू आवाजात, कारण सोल जवळच होती.

मुलांना न सांगून भागणार नव्हतं. तिने चौघांना तंबूत बोलावलं आणि जसं होतं तसं सांगितलं. थे-ओ लगेच म्हणाला, गाडीत बसू या, पुलापलीकडे जाऊ या. यू-चान मेखा उपटायला निघालाही.

"बस खाली," योंग-रान म्हणाली. "आपण पळायचं नाही. आपण काय कुणाचं चोरलंय?"

बोलून गेल्यावर तिला कळलं आपण काय बोललो ते. दा-ओन तिच्याकडे पाहत नव्हती. नदीवरून आणलेलं सगळं हसू तिच्या चेहऱ्यावरून उतरलं होतं. बाहेर बारा नंबरची मुलगी तिला हाका मारत होती. दा-ओन तंबूच्या आतल्या कप्प्यात गेली, स्लीपिंग बॅगेवर बसली आणि तिने पडद्याची चेन वरपासून खालपर्यंत लावून घेतली.

"मी शब्द दिलाय," योंग-रान पडद्याला म्हणाली.



साडेतीनच्या सुमाराला पांढरी गाडी खडखडत काठावर उतरली. तिच्यातून तिघे जण उतरले. दोघांनी गाडीतच काळ्या सुटांवर लाल टोप्या आणि दाढ्या चढवल्या होत्या. तिसरा, विभागप्रमुख ह्वांग, चाळिशीचा, उंच, चष्म्याचा. त्याने तशाच काळ्या सुटावर नुसती लाल टोपी घातली होती आणि उतरताक्षणी त्याचा चष्मा धुक्याने भरला. मागचं दार उघडून दोघे खोकी काढू लागले. आजूबाजूच्या तंबूंच्या चेनी उघडल्या. सांताक्लॉज आला म्हणून लहान मुलं धावत आली, आणि मग तो आपल्याकडे आलेला नाही हे पाहून जराशा अंतरावर उभी राहिली. बारा नंबरची मुलगीही त्यांच्यात होती.

योंग-रानने घडीची खुर्ची उचलली, तंबूच्या बरोबर दारात ठेवली आणि तिच्यावर बसली.

ह्वांगने कमरेत वाकून नमस्कार केला. रस्ता फार लांब निघाला, म्हणाला.

"संत्री आणलीत?" योंग-रानने विचारलं.

"आणलीत."

"मग ती ठेवा, गरम सार प्या आणि सावकाश जा. फलक गाडीतच राहू दे."

ह्वांगने चष्मा पुसला. माणूस वाईट नव्हता, हीच पंचाईत होती. त्याने आवाज खाली आणला. संध्याकाळी कंपनीचा वर्षअखेरचा समारंभ होता, अध्यक्ष हा फोटो पडद्यावर दाखवणार होते, तसं छापूनही झालं होतं. नाही पाठवला तर काय होईल ते त्याने सांगितलं नाही, पण त्याची उघडी बोटं लाल झाली होती आणि त्याने ती काखेत धरली होती. घरी त्याचाही मुलगा वाट बघत होता.

"पाच मिनिटं, बाई. चेहरे पुसून टाकू आम्ही. कुणाला कळणारसुद्धा नाही."

"कळतं," योंग-रान म्हणाली.

"अहो, तंत्रज्ञान आता इतकं..."

"साहेब, ही खुर्ची दिसतेय ना? मला ओलांडून आत जायचं तर जा. योम साहेबांना सांगा, बाईंनी अडवलं. नोकरीवरून काढायचं तर काढा म्हणावं, पण ते नव्या वर्षात. आज सुट्टी आहे."

हे ती जरा मोठ्याने बोलली. थे-ओ तिच्या खुर्चीला टेकून उभा राहिला, मग यू-चान, मग सोल, जिला काय चाललंय ते कळत नव्हतं पण कुठे उभं राहायचं ते कळलं होतं. दाढीवाल्यांपैकी एकाने हातातलं खोकं जमिनीवर ठेवावं की नाही या विचारात ते तसंच धरून ठेवलं. आजूबाजूची माणसं बघत होती. योंग-रानला त्यांच्या नजरा जाणवत होत्या. दुपारची शेजारीण संपली, आता ती पुन्हा संस्थेची बाई झाली होती. तिचे कान तापले. पण ती उठली नाही.

मागे चेनीचा आवाज झाला. खालून वर, सावकाश.

दा-ओन बाहेर आली. तोंड धुतल्यासारखं दिसत होतं. आतल्या बादलीतलं पाणी गोठायच्या बेतात होतं, त्याच पाण्याने धुतलं असणार. तिने काळ्या कोटाच्या बाह्या मनगटापर्यंत दुमडल्या होत्या.

"फोटो हवाय ना?" तिने ह्वांगला विचारलं.

ह्वांग एकदम हलका झाला. हो, म्हणाला, पटकन होईल.

"दा-ओन, काही गरज नाही," योंग-रान म्हणाली. "मी बघते. शब्द दिलाय मी."

"माहितीये. तू मोडला नाहीस." तिने हात पुढे केला. "तुझा फोन दे."

योंग-रानने फोन दिला. काय चाललंय ते तिला कळत नव्हतं, आणि पोरीला थांबवावं की नाही तेही कळत नव्हतं, पण दा-ओनने मागितलेली गोष्ट नाकारावी असं तिच्या आवाजात काही नव्हतं. दा-ओन फोन घेऊन सरळ बारा नंबरच्या मुलीकडे गेली. काठावर अशी शांतता होती की तिचं बोलणं पाच तंबूंपर्यंत गेलं असेल.

"एक फोटो काढशील आमचा? हे लोक दरवर्षी आमच्या घरी येतात. आम्ही चौघं संस्थेच्या घरात राहतो. ती मावशी खरी मावशी नाही, पण आहे."

मुलीने फोन हातात फिरवून पाहिला.

"आडवा काढू की उभा?" तिने विचारलं.

"आडवा. फलक लांब आहे."

मग दा-ओनने सगळ्यांना उभं केलं. खोकी तिने गाडीत परत ठेवायला लावली. संत्र्यांचं एक तेवढं राहू दिलं, कारण सोलने त्याच्यावर हात ठेवला होता. पुढे मुलं, मध्ये खुर्चीवर मावशी, आणि मागे फलक धरून तिघे साहेब. दाढ्या काढा, ती म्हणाली, आणि त्या दोघांनी ह्वांगकडे पाहून दाढ्या काढल्या. आत कोवळी पोरंच होती, पंचविशीची, हनुवटीवर डिंक लागलेली.

"आता मुठी वर करा आणि ओरडा."

"आम्ही?" ह्वांगने विचारलं.

"तुम्हीच."

तिघांनी मुठी वर केल्या. एक बारीकसा आवाज निघाला आणि नदीवर कुठेतरी विरला.

"अजून एकदा," दा-ओन म्हणाली. "जरा आनंदाने."

कोणीतरी मागच्या तंबूतून हसलं. दुसऱ्या वेळी आवाज बरा आला. योंग-रानला हसायचं नव्हतं, तिने ओठ आवळून धरले, पण थे-ओ खिदळला आणि मग तिलाही आवरलं नाही. त्याच वेळी मुलीने बटण दाबलं. यू-चान जरा इकडे सरक, असं म्हणून तिने आणखी एक काढला. त्याचं नाव तिने दुपारीच लक्षात ठेवलं होतं.

फोन परत घेऊन दा-ओन संत्र्यांच्या खोक्यावर बसली. हातमोजा दातांनी ओढून काढला आणि उघड्या बोटाने पडद्यावर काहीतरी करू लागली. थंडीने बोट धड चालत नव्हतं. मध्येच ती ते तोंडात धरून गरम करायची. योंग-रान मागे जाऊन उभी राहिली. फोटो छान आला होता. सोलचं नाक चमकत होतं. थे-ओचं तोंड उघडं. दा-ओन स्वतः अगदी समोर पाहत होती, थोडी रागात, डोळे स्वच्छ, आणि ती किती मोठी झाली आहे हे योंग-रानला त्या इवल्याशा पडद्यावर एकदम दिसलं. दा-ओनचं बोट पुढच्या ओळीवर थांबलं नाही. ते मागे गेलं, फलकाच्या वर, आणि एकेक करून तीन चेहऱ्यांवर बारीक चौकटी पसरत गेलं.

"झालं," ती म्हणाली आणि उठून तिने फोन ह्वांगपुढे धरला. "हा आम्ही घरी लावणार. तुम्हाला हवा असेल तर पाठवते. आमचे चेहरे मात्र पुसायचे नाहीत."

ह्वांगने फोन घेतला. दोघे पोरगे त्याच्या खांद्यावरून वाकून बघू लागले. एकाला हसू आलं आणि ते त्याने लगेच गिळलं. हे चालणार नाही, नियमात बसत नाही, असं ह्वांग आता म्हणेल म्हणून योंग-रान ओठांवर उत्तर तयार ठेवून थांबली होती. पण तो नुसता बघत होता. त्याने चष्मा कपाळावर चढवला आणि फोन डोळ्यांजवळ नेला. तिन्ही सूट काळे, तिन्ही टोप्या लाल, उंचीही फलकामागे सारखीच वाटत होती, आणि तिघांच्या मानेवर त्याच राखाडी चौकटी. तो स्वतःला शोधत होता. त्याला बराच वेळ लागला. मग त्याची नजर खाली गेली, फलकाच्या कडेखाली, जिथे बर्फात पायांच्या तीन जोड्या दिसत होत्या.

"हा मी," तो हळूच म्हणाला. "बुटांवरून कळतंय."

"हो," दा-ओन म्हणाली. "मला कोटावरून ओळखलं होतं."

ह्वांगने वर पाहिलं. गेल्या वर्षीचा तो कोट त्याला आठवला की नाही, कोणास ठाऊक. त्याने डोक्यावरची लाल टोपी काढली, आणि मग फोन तेरा वर्षांच्या त्या मुलीला परत दिला. दोन्ही हातांनी, थोडं वाकून, वडीलधाऱ्या माणसाला देतात तसा.